गाठ आणि हिशेब : डॉ. विल्यम हॉल्स्टेड

थोर माणसांची चरित्रे वाचताना बहुधा त्यांच्या यशाचाच पाढा आपल्यापुढे येतो. ज्यांच्या हयातभराच्या कामातील एक मोठा सिद्धांत पुढे चुकीचा ठरला आणि तरीही ज्यांचे ऋण फिटत नाही, अशांची चरित्रे फारशी कोणी सांगत नाही. अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड हे त्यांपैकी एक होत. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेला त्यांनी जे रूप दिले, ते जवळजवळ ऐंशी वर्षे ठिकठिकाणच्या रुग्णालयांत प्रमाण मानले गेले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या दुकानापुरताच. तरी या विषयाकडे वळण्यास एक घरगुती कारण घडले. आमच्या गल्लीतील एका काकूंना छातीत गाठ लागली. ती दुखत नव्हती, म्हणून त्यांनी वर्षभर कोणाला सांगितले नाही. आमच्या सीमाभागात मराठी बायका 'गाठ' म्हणतात, कानडी बायका 'गंटु' म्हणतात. पण ती छातीत असली की दोन्ही भाषा एकदम मुक्या होतात. काकूंना दवाखान्यात नेले तेव्हा काखेतही गाठी आल्या होत्या. त्या आजाराविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा हॉल्स्टेड हे नाव पुन्हा पुन्हा समोर आले.

हॉल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे एका धनाढ्य कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. येल येथे शिकत असताना अभ्यासापेक्षा खेळातच त्यांचे लक्ष अधिक. फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. ग्रंथालयाची पायरी ते क्वचितच चढत, हे वाचून आमच्यापैकी अनेकांना धीर येईल! १८७४ साली पदवी घेतल्यावर मात्र ते वैद्यकाकडे वळले आणि १८७७ मध्ये डॉक्टर झाले. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांनी रुग्णाचा ताप, नाडी व श्वास यांची नोंद एकाच तक्त्यावर ठेवण्याची पद्धत तयार केली. नोंदी ठेवण्याची ही आवड पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

१८७८ ते १८८० ही दोन वर्षे त्यांनी युरोपात काढली. तेथे व्हिएन्नाचे बिलरोट, हॅलेचे फोल्कमान अशा नामांकित शल्यविशारदांचे काम त्यांनी जवळून पाहिले. परत आल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्यांचे नाव झपाट्याने गाजू लागले. १८८१ साली बाळंतपणानंतर बहीण रक्तस्रावाने अत्यवस्थ झाली, तेव्हा स्वतःच्या शिरेतील रक्त काढून त्यांनी तिला दिले आणि वाचवले. पुढल्याच वर्षी आईच्या पित्ताशयावर त्यांनी मध्यरात्री घरातच, स्वयंपाकघरातील टेबलावर, शस्त्रक्रिया केली.

या ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या आयुष्याला गाठ बसली. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर होतो हे व्हिएन्नात सिद्ध झाले. हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते औषध स्वतःलाच टोचून प्रयोग सुरू केले, आणि मज्जातंतूपाशी टोचल्यास शरीराचा तेवढाच भाग बधिर होतो हे दाखवून दिले. आज दाढ काढताना आपल्या जबड्यात जे इंजेक्शन देतात, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे. परंतु कोकेनच्या व्यसनाचा धोका तेव्हा कोणालाच उमगला नव्हता. काही सहकाऱ्यांचे आयुष्य त्यापायी उद्ध्वस्त झाले. हॉल्स्टेड यांनाही रुग्णालयात राहून उपचार घ्यावे लागले, आणि कोकेन सोडवण्यासाठी दिलेले मॉर्फिन पुढे त्यांची दुसरी बेडी झाली. त्यांचे सहकारी डॉ. ऑस्लर यांनी ही हकीकत लिहून कुलुपात ठेवली होती. ती १९६९ साली उजेडात आली.

न्यूयॉर्कमधील कारकीर्द संपल्यातच जमा होती. अशा वेळी त्यांचे स्नेही डॉ. वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतले. किराणा मालाच्या घाऊक व्यापारातून पुढे आलेल्या जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याने विद्यापीठ व रुग्णालयासाठी सत्तर लाख डॉलर मागे ठेवले होते. त्यातून उभे राहिलेले रुग्णालय १८८९ साली उघडले आणि हॉल्स्टेड तेथील शल्यविभागाचे प्रमुख झाले.

पूर्वीचे ऐटबाज, चपळ हॉल्स्टेड आता उरले नव्हते. एकलकोंडे, अबोल आणि शस्त्रक्रियेत अतिशय संथ असे नवे हॉल्स्टेड बाल्टिमोरने पाहिले. भूल देण्याची सोय होण्यापूर्वी शस्त्रवैद्याचे कौशल्य वेगावर मोजले जाई. ती सवय अजून गेली नव्हती. हॉल्स्टेड मात्र एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधत, मांस कमीत कमी दुखावत, बारीक रेशमी धाग्याने टाके घालत. शस्त्रक्रियागृहातील प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक पाण्याने सोलून निघत. त्यांच्यासाठी हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. १८९० साली दोघांचा विवाह झाला. हातमोजे पुढे जगभर गेले.

आता मुख्य विषयाकडे येऊ. त्या काळी स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया रुग्णालयात फार उशिरा येत. सुरुवातीची गाठ कठीण व बहुधा न दुखणारी असते. म्हणून ती लपवता येते. पुढे बोंड आत ओढले जाते, कातडीला खळगा पडतो किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते, काखेत गाठी येतात आणि शेवटी जखम वाहू लागते. अशा स्थितीत शल्यविशारद गाठ कापून काढत. पण काही महिन्यांत त्याच व्रणात रोग पुन्हा उगवे.

हॉल्स्टेड यांनी अनुमान काढले की आपण कापतो तेच अपुरे. कर्करोग मुळाच्या गाठीपासून सभोवार, पायरीपायरीने पसरत जातो. तेव्हा त्याच्या पुढे जाऊन त्याची वाट तोडली पाहिजे. फोल्कमान यांनी छातीच्या स्नायूवरील आवरण काढण्यास आरंभ केला होता. हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालील मोठा स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसंध काढून टाकण्याची पद्धत बसवली. १८९४ साली त्यांनी ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जखमेच्या जागी रोग उलटला असे रुग्ण फक्त ३, म्हणजे शेकडा ६. युरोपातील मोठमोठ्या शल्यविशारदांच्या आकड्यांत हेच प्रमाण निम्म्याहून अधिक होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे डॉ. विली मेयर यांनीही स्वतंत्रपणे अशीच शस्त्रक्रिया मांडली. वैद्यकीय जग थक्क झाले.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला एक शंका येते. रोकडवहीत शिल्लक दिसली म्हणजे धंदा नफ्यात आहे असे होत नाही. त्यासाठी ताळेबंद पाहावा लागतो. व्रणात रोग परतला नाही ही झाली रोकड शिल्लक. पण ती बाई जगली किती वर्षे? ५० पैकी कित्येकींच्या शस्त्रक्रियेला तेव्हा फार दिवस झालेच नव्हते.

हॉल्स्टेड यांचा मोठेपणा असा की हा ताळेबंदही त्यांनी स्वतःच मांडला. रुग्ण घरी गेल्यावरही त्यांची खबर ठेवली जात होती. १८९८ मध्ये त्यांनी सांगितलेल्या ७६ रुग्णांपैकी तीन वर्षांहून अधिक जगलेल्या ४० होत्या. १९०७ च्या आकड्यांनी तर सारे स्पष्ट झाले. ज्यांच्या काखेत वा मानेत रोग पोहोचला नव्हता अशा ६० पैकी ४५ जणी पाच वर्षांनंतर बऱ्या होत्या. ज्यांच्या ग्रंथींत तो पोहोचला होता अशा ४० पैकी केवळ ३. म्हणजे शस्त्र किती खोल गेले यापेक्षा बाई किती लवकर आली, रोग किती पसरला होता, यावर जीव अवलंबून होता. आकडे हे सांगत असतानाही पद्धत मात्र तशीच चालू राहिली. इतकेच नव्हे, तर अनुयायांपैकी काहींनी ती अधिक खोल नेली. छाती खपाटीला गेलेली, हात सुजून जड झालेला, खांदा वर होत नाही, अशा स्थितीत असंख्य स्त्रिया घरी परतल्या.

७ सप्टेंबर १९२२ रोजी, पित्तनलिकेतील खड्यावरील शस्त्रक्रियेनंतर, हॉल्स्टेड आपल्याच रुग्णालयात निवर्तले. त्यांना मूलबाळ नव्हते. हार्वी कुशिंगसारखे शिष्य आणि तरुण डॉक्टरांनी रुग्णालयात राहून क्रमाक्रमाने जबाबदारी शिकण्याची पद्धत, हाच त्यांचा वारसा.

त्यांच्या सिद्धांताला पहिले जोरदार आव्हान दिले लंडनच्या डॉ. जेफ्री केन्स यांनी. अर्थशास्त्राच्या तासाला ज्यांच्या नावाने आम्हाला घाम फुटतो, त्या केन्स साहेबांचे हे धाकटे बंधू! १९२० नंतरच्या दशकात त्यांनी लहान शस्त्रक्रियेला रेडियमच्या सुयांची जोड दिली. तरी निर्णायक हिशेब व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी अमेरिका व कॅनडातील सुमारे १७०० स्त्रियांची चाचणी सुरू केली. कोणाला कोणता उपचार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. २५ वर्षांचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉल्स्टेड यांची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या आणि केवळ स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुष्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मिलानच्या डॉ. वेरोनेसी यांनीही सिद्ध केले की रोग लवकर सापडल्यास स्तनाचा काही भागच काढून किरणोपचार दिले तरी चालते. रोग रक्तावाटे दूर गेला असेल तर चाकू कितीही खोल गेला तरी तो तेथे पोहोचत नाही. तेथे औषधच लागते. म्हणून आज शस्त्रक्रिया, किरण आणि औषधे यांची सांगड रुग्णागणिक घातली जाते.

आणि लवकर येण्याचे काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे, दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने एक अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हाताने केली. २०२१ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्यांत रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा ३० ने कमी झाले. महागडे यंत्र नाही, की मोठी शस्त्रक्रिया नाही. फक्त एक शिकलेला हात आणि वेळेवर उघडलेले तोंड.

हॉल्स्टेड यांनी चूक केली, पण वही खोटी ठेवली नाही. त्यांच्याच वहीतून त्यांची चूक वाचता आली, यातच त्यांचे थोरपण आहे असे मला वाटते. आमच्या काकू आज नाहीत. १९०७ सालच्या त्या दोन ओळींपैकी पहिल्या ओळीत त्या असू शकल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही. वाचकहो, हा अंक घरी नेल्यावर आई-बहिणींना कविता जरूर वाचून दाखवा. पण हा लेखही मराठीत किंवा कानडीत एकदा सांगा. गाठ दुखत नसली तरी दाखवावी, एवढेच त्यातले सार आहे.