कुंदनलाल सैगल: दारूशिवाय गाता येत नाही, असं वाटणारा गायक

दारूशिवाय मला जमतच नाही, हे मी लालबागच्या माझ्या दवाखान्यात जवळजवळ दर आठवड्याला ऐकतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणारा सांगतो की क्वार्टर पोटात गेल्याशिवाय स्टेजवर आवाज लागत नाही. कारखान्यात बारीक काम करणारा सांगतो की सकाळी एक घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाही. कुणाला झोप लागत नाही, कुणाला साहेबांसमोर बोलता येत नाही. हे लोक खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटत असतं.

अशा वेळी मी त्यांना कुंदनलाल सैगल यांची गोष्ट सांगतो. आजोबांच्या रेडिओमुळे तुम्ही हे नाव ऐकलं असेल. सैगल यांचंही अगदी हेच म्हणणं होतं. ते चूक आहे, हे त्यांना इथून जवळच, परळला कळलं. पण तेव्हा उशीर झाला होता.

टाइपरायटर विकणारा गायक

सैगल यांचा जन्म ११ एप्रिल १९०४ चा, जम्मूचा. वडील तिथल्या संस्थानात तहसीलदार होते. आई धार्मिक वृत्तीची आणि भजनांची आवड असलेली. गाणं मुलाच्या कानावर पडलं ते आईकडून. गुरूसमोर बसून रीतसर तालीम अशी झाली नाही. शाळा अर्धवट सुटली. पुढे रेल्वेत टाइमकीपरची नोकरी केली, रेमिंग्टन कंपनीचे टाइपरायटर विकत गावोगाव फिरले.

१९३० नंतर ते कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये दाखल झाले आणि १९३५ साली 'देवदास' आला. प्रेमात अपयश आलेला, दारू पिऊन मरणारा नायक त्यांनी रंगवला. या एका भूमिकेने ते देशभर पोहोचले. पण याच भूमिकेमुळे लोक पुढे त्यांचं खरं आयुष्यही त्या सिनेमासारखंच पाहू लागले. त्याबद्दल खाली बोलूच.

दादर, माटुंगा, परळ

१९४१ च्या अखेरीस सैगल मुंबईला आले. दादरच्या रणजित स्टुडिओत 'भक्त सूरदास' (१९४२) आणि 'तानसेन' (१९४३) हे चित्रपट झाले. दोन्ही गाजले. राहायला ते माटुंग्यात होते.

बाहेरून पाहिलं तर हा यशाचा काळ. पण त्यांचं पिणं वाढलेलं होतं, आणि सोबतीला मधुमेहही होता. रेकॉर्डिंगच्या आधी घ्यायची, मध्ये घ्यायची, असा नेम पडला होता. पेल्याला त्यांनी काली पाँच असं नाव ठेवलं होतं. काली पाँच म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी. दारूला सुराचं नाव! आपणही क्वार्टरला औषध म्हणतो, नाइंटीला टॉनिक म्हणतो. गोड नाव दिलं की त्या गोष्टीची भीती वाटेनाशी होते.

परळमधलं रेकॉर्डिंग

१९४६ साली परळच्या कारदार स्टुडिओचा 'शाहजहान' आला. संगीत नौशाद यांचं होतं, बरीच गाणी मजरूह सुलतानपुरी यांची. यातल्या एका गाण्याचा किस्सा नौशाद पुढे अनेक वर्षं सांगत असत.

सैगल यांचं म्हणणं होतं की पेला घेतल्याशिवाय गाणं नीट होणार नाही. नौशाद यांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच सुचवलं की एकदा न घेता गा, एकदा घेऊन गा, आणि मग दोन्ही ऐका. तसं केलं गेलं. दोन्ही रेकॉर्डिंग ऐकल्यावर सैगल यांनी स्वतःच जे चांगलं म्हणून निवडलं, ते न पिता गायलेलं निघालं. नौशाद सांगत की तेव्हा सैगल यांनी हळहळून म्हटलं होतं, हे कुणी आधी दाखवून द्यायला हवं होतं.

डॉक्टर म्हणून मला नौशाद यांची ही युक्ती फार मोलाची वाटते. उपदेश नाही, अपमान नाही, शपथ नाही. फक्त तुलना, आणि निवाडा ज्याचा त्याच्याकडे.

मग घेतल्यावर बरं का वाटतं?

हे नीट समजून घ्या, कारण गफलत इथेच होते.

मेंदूत काही रसायनं आपल्याला शांत करतात, काही जागं ठेवतात. दारू शांत करणाऱ्यांचा जोर वाढवते आणि जागं ठेवणाऱ्यांचा दाबते. म्हणून पहिल्या दिवसांत धीर येतो, भीती जाते. पण रोज पीत राहिलं की मेंदू तोल सांभाळायला उलटा जोर लावतो. आता तेवढ्याच परिणामासाठी जास्त दारू लागते. आणि काही तास मिळाली नाही, तर तो उलटा जोर उघडा पडतो: हात कापतात, घाम येतो, छाती धडधडते, मन बेचैन होतं.

अशा अवस्थेत पेला घेतला की कापरं थांबतं. माणसाला वाटतं, बघा, दारूने ताकद दिली. खरं म्हणजे दारूने फक्त स्वतःच लावलेली आग थोडा वेळ विझवली.

आवाजाचंही तसंच. दारूने घसा कोरडा पडतो, पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला सूज येते आणि स्नायूंवरचा बारीक ताबा सुटतो. स्वतःच्या चुका ऐकण्याची क्षमताही कमी होते. म्हणून पिऊन गाणाऱ्याला आपलं गाणं छान झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ऐकलं की खरं काय ते कळतं.

१८ जानेवारी १९४७

तब्येत ढासळली तेव्हा सैगल मुंबई सोडून जालंधरला गेले. तिथेच १८ जानेवारी १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ४२. अतिमद्यपानाने झालेला यकृताचा आजार हे कारण सांगितलं जातं. त्यांचा 'परवाना' हा चित्रपट मृत्यूनंतर प्रदर्शित झाला.

यकृत फार सोशिक अवयव आहे. आधी त्यात चरबी साठते, मग सूज येते, मग व्रण भरून ते घट्ट आणि गाठाळ होतं. त्याला आम्ही सिऱ्होसिस म्हणतो. पहिल्या टप्प्यात बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि त्या वेळी दारू थांबवली तर यकृत बरंचसं सावरतं. डोळे पिवळे होणं, पोटात पाणी होणं, पाय सुजणं ही लक्षणं दिसतात तेव्हा बराच पल्ला ओलांडलेला असतो. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा भ्रमिष्टासारखं बोलणं दिसलं तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. मधुमेही माणसाला आणखी एक धोका असतो. उपाशीपोटी पिऊन औषध किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते आणि बघणाऱ्याला वाटतं की गडी नशेत पडलाय.

लोक कसे हळहळले

गिरगावाजवळच्या नाना चौकात तेव्हा मंगेशकर कुटुंब राहत होतं. सतरा वर्षांची लता सैगल यांची भक्त होती. दीनानाथांच्या घरात सिनेमाची गाणी फारशी चालत नसत, पण सैगल चालत. तिने स्वतःच्या कमाईतून रेडिओ आणला, लावला, आणि कानावर पडली ती सैगल गेल्याची बातमी. तिने रेडिओ परत करून टाकला. लताबाईंनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

त्याच घराने पाच वर्षांपूर्वी स्वतःचा माणूस गमावला होता. मास्टर दीनानाथ १९४२ साली पुण्यात गेले, ४१ व्या वर्षी. नाटक कंपनी बुडाल्यानंतरच्या वर्षांत दारू त्यांच्याही आयुष्यात शिरली होती, हे त्यांच्याबद्दलच्या लेखनात नोंदलेलं आहे. दोन मोठे गायक आणि दोघांनाही पंचेचाळिशी पाहता आली नाही.

सैगल यांच्यावर लोकांनी प्रेम केलं, यात शंका नाही. मुकेश आणि किशोरकुमार यांनी सुरुवात त्यांच्याच ढंगात गाऊन केली. रेडिओ सिलोनचा जुन्या गाण्यांचा सकाळचा कार्यक्रम वर्षानुवर्षं सैगल यांच्या गाण्याने संपत असे. चाळीत आठ वाजल्याचं कळायला घड्याळाची गरज नव्हती.

पण या हळहळीत दोन समजुती मिसळल्या. एक, हा खरा देवदास होता, दुःखात जळून गेला. दुसरी, एवढं दर्द असलेलं गाणं नशेशिवाय येतच नाही. दोन्ही ऐकायला छान वाटतात. दोन्हींमुळे आजारी माणूस दिसेनासा होतो. कलावंत आहे, चालायचंच, असं म्हणून आपण मोकळे होतो. आणि तोच आजार शेजारच्या खोलीतल्या गिरणी कामगाराला झाला, तर त्याला मात्र बेवडा म्हणतो. यकृताला हा भेद कळत नाही.

मराठी प्रेक्षकाला खरं तर हे आधीच माहीत होतं. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर हुशार वकील आहे. तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो आणि संसाराची राख होते. गडकऱ्यांनी त्या पेल्याला कसलीही शोभा आणली नाही. मात्र सिंधू शेवटपर्यंत नवऱ्याला पाठीशी घालते, हेही त्यात आहे. आजही माझ्याकडे अशा सिंधू येतात. नवऱ्याला मार लागला की त्या म्हणतात, जिन्यात पाय घसरला.

तेव्हा नव्हतं, आज आहे

सैगल यांना कुणी का वाचवलं नाही? त्या काळी डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. दारू सोडायला मदत करणारं डायसल्फिराम हे पहिलं औषध वापरात आलं ते १९४८ साली, ते गेल्याच्या पुढच्या वर्षी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं होतं, पण भारतात ते १९५० नंतर आलं. दारू बंद केल्यावरचा त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या आजच्या गोळ्या त्याहून नंतरच्या.

आज हे सगळं आहे. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत. यकृत आणि मूत्रपिंड तपासून कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. परळचं केईएम, सायन, नायर, जे. जे. या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. अ‍ॅनॉनिमसच्या सभा मुंबईत नियमित भरतात, तिथे पैसे लागत नाहीत आणि पूर्ण नावही सांगावं लागत नाही.

तुम्ही काय कराल

आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. पिणं कमी करायला हवं, असं कधी वाटलं का? कुणी त्यावर बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का? दोन उत्तरं हो असतील तर डॉक्टरांना भेटा.

पण तीन गोष्टी पाळा.

१. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बी-१ जीवनसत्त्व आणि गोळ्या देऊन हे दिवस सुखरूप पार पडतात. नौशाद यांची तुलना मला आवडते, पण तुम्ही ती करायची ती या आधारानेच.

२. न कळत दारू सोडवा, अशा जाहिरातींची पावडर आमटीत मिसळू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायचं असतं.

३. घरच्यांनी झाकू नये आणि चारचौघांत पाणउताराही करू नये. नशा उतरलेली असताना, शांतपणे, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा.

व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइन मोफत आहेत. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

शेवटी त्या ऑर्केस्ट्रावाल्या गायकाला मी जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. आज 'शाहजहान'मधलं ते गाणं लावलंत, तर तुम्ही ऐकाल तो न प्यायलेला सैगल आहे. त्यांनी स्वतः निवडलेला.