शिल्पकार विनायकराव करमरकर

आम्ही बबीन्याचे कॅडेट झाशीला गेलो की राणी लक्ष्मीबाईंच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे थांबतो. राणीकडे सगळे बघतात. तिचा घोडा कोणी आणि कसा घडवला असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मागच्या सत्रात हस्तकलेच्या तासाला मी मातीचा घोडा केला. संध्याकाळपर्यंत त्याचे पाय वाकले आणि तो पोटावर बसला. सगळा वर्ग हसला. पुन्हा मातीला हात लावायचा नाही, असे मी ठरवले. सुट्टीत पुण्याला गेल्यावर हे आजोबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दाखवला. तो करणाऱ्या विनायक पांडुरंग करमरकर यांची माहिती मी मग शोधून वाचली.

करमरकरांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. लहानपणापासून त्यांना चित्रांचा आणि मातीच्या मूर्तींचा नाद होता. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस ते पडले आणि त्यांच्या मदतीने हा खेड्यातला मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

ही शाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तेथे शिल्पकाम शिकवायला आले. 'जंगल बुक' लिहिणारे रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. याच शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी तरुणपणीच 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प करून नाव मिळवले होते. करमरकरांच्या पुढे असा आदर्श होता.

मातीकामाची रीत वाचताना मला माझी चूक कळली. मोठ्या मूर्तीत आधी लोखंडी सळ्यांचा आणि तारांचा सांगाडा उभारतात. त्यावर माती चढवतात. ती सुकून तडकू नये म्हणून ओल्या फडक्यांनी झाकतात. मग प्लास्टरचा साचा काढतात आणि शेवटी धातूचे ओतकाम होते. माझ्या घोड्याच्या आत काहीच नव्हते, नुसती माती होती.

शिक्षणानंतर करमरकरांनी कलकत्त्यात काम केले. पुढे ते लंडनच्या रॉयल अकादमीत शिकून आले. पुण्याच्या शिवस्मारकासाठी छत्रपती शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. १९२१ मध्ये पायाभरणी झाली, पण १९२२ मध्ये शाहू महाराज वारले. पुढे पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले तेव्हा हाताशी वेळ थोडा होता. तरी त्यांनी ते अंगावर घेतले. घोडा आणि स्वार मिळून हा पुतळा साडेतेरा फूट उंच आहे आणि तो ब्राँझमध्ये एकसंध ओतला आहे. तुकडे जोडून केलेल्या पुतळ्यात एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. एकसंध ओतकाम फसले तर सगळी मेहनत वाया जाते. करमरकरांनी तो धोका पत्करला. मुंबईत ओतलेला पुतळा पुण्याला आणला गेला आणि जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. मिलिटरी स्कूल त्यानंतर, १९३२ साली सुरू झाले.

एवढा मान मिळाल्यावरही ते गावाला विसरले नाहीत. त्यांनी कोळीण घडवली, म्हैस घडवली. भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९६७ साली ते वारले. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

सुट्टी संपवून आलो तो तारेचे एक भेंडोळे घेऊनच. आधी चार पाय आणि पाठीचा कणा तारेने बांधला, मग माती लावली. घोड्याचे तोंड जरा गाढवासारखे झाले आहे, हे मित्रांनी लगेच सांगितले. पण आज आठवा दिवस आहे आणि तो उभा आहे.