तूसाँ लूव्हर्त्यूर

कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत १७४३ च्या सुमारास तूसाँ गुलाम म्हणूनच जन्मास आला. पिता पश्चिम आफ्रिकेतील अलाडाकडून आणलेला. त्याची बोली तूसाँस येत असे, झाडपाल्याच्या औषधांतही तो जाणता होता. मळ्यावर गाडीवानी करता करता त्यास मुक्तता मिळाली.

१७९१ च्या ऑगस्टात गुलाम उठले. पन्नाशीस टेकलेला हा गृहस्थ बंडात प्रथम वैद्यकी करी. थोड्याच काळात सेनापती झाला. १८०१ च्या राज्यघटनेत त्याने गुलामगिरी कायमची रद्द ठरविली.

एक गोष्ट मात्र दडवू नये. मुक्त झाल्यावर कॉफीचा मळा खंडाने घेऊन त्याने स्वतःही गुलाम राबविले होते. आणि १८०० साली मुक्त मजुरांस हुकुमाने पुन्हा मळ्यांशी जखडले. निर्यातीवाचून राज्य व सैन्य टिकणार नाही, हा त्याचा हिशेब. राबणाऱ्यांस तो कसा पटावा? आम्ही शिक्षक असली पाने उलटून पुढे जात असू, ते बरे नव्हे.

१८०२ साली नेपोलियनच्या सेनानींनी त्यास भेटीस बोलावून कपटाने धरले. फ्रान्समधील जुरा पर्वताच्या थंडगार किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी तो वारला. नऊ महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८०४ रोजी, त्याचाच सरदार देसालीन याने स्वातंत्र्य पुकारले आणि देशास मूळ रहिवाशांचे जुने नाव दिले : हैती.