सीमेवरची गाणी जमवणारा वकील : सर वॉल्टर स्कॉट

बेळगावात जन्म आणि नोकरीची बरीचशी वर्षे इथेच, त्यामुळे सीमाभाग म्हणजे काय हे मला कुणी सांगावे लागत नाही. म्हणूनच असेल, पण निवृत्तीनंतर वाचनालयातून सर वॉल्टर स्कॉटचे चरित्र आणले तेव्हा त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा त्याने सीमेवर फिरून जमवलेल्या गाण्यांचीच हकीकत मी अधिक आवडीने वाचली. आपल्याकडे स्कॉट ठाऊक असतो तो ‘आयव्हॅन्हो’मुळे, किंवा हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या चर्चेत त्याचे नाव निघते म्हणून. पण कादंबरीकार होण्याआधी तो आपल्या शाहिरांच्या पोवाड्यांसारखी गाणी शोधत हिंडणारा एक तरुण वकील होता.

१५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरा शहरात त्याचा जन्म झाला. वडील कायद्याच्या व्यवसायात होते. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. आज आपण त्याला पोलिओ म्हणू. हवापालट म्हणून त्याला आजोबांच्या सँडीनो येथील शेतावर पाठवले. हा सगळा मुलूख इंग्लंडच्या सरहद्दीलगतचा. शेतापासून जवळच स्मेलहोमचा जुना दगडी बुरूज उभा होता. आजी आणि जेनी आत्या त्या पोराला जुन्या लढायांच्या, गुरे पळवणाऱ्या वीरांच्या गोष्टी सांगत, गाणी म्हणून दाखवत. वाचता येण्याआधीच त्याला एक लांबलचक बॅलड तोंडपाठ झाले होते आणि ते तो आल्यागेल्याला मोठमोठ्याने ऐकवी. पुढे केल्सो गावी असताना बिशप पर्सीने छापलेला जुन्या गीतांचा संग्रह त्याच्या हाती पडला, तेव्हा बागेत झाडाखाली वाचत बसलेला हा मुलगा जेवणाची वेळही विसरला.

या गाण्यांमागचा इतिहास थोडा सांगायला हवा. १६०३ साली दोन्ही मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर येईपर्यंत स्कॉटलंड आणि इंग्लंड ही वेगळी, आणि बहुतेक वेळ वैरी राज्ये होती. मधल्या डोंगराळ पट्ट्यात कोणाचाच अंमल नीट चालत नसे. आर्मस्ट्राँग, एलियट, केर, स्कॉट अशी घराणी रात्री घोड्यांवरून जाऊन पलीकडची गुरे हाकून आणत, आणि पलीकडचेही तेच करीत. स्वतः वॉल्टरचा एक पूर्वज, हार्डनचा ऑल्ड वॉट, या धंद्यात नावाजलेला होता. घरातले मांस संपले की त्याची बायको जेवणाच्या वेळी ताटात फक्त घोडेस्वाराच्या टाचेचे काटे वाढून आणी, म्हणजे आता स्वारीवर निघा, अशी दंतकथा आहे. दरोडेखोर म्हणावे की वीर, हे तुम्ही नदीच्या कोणत्या काठावर जन्मला त्यावर ठरायचे.

गाण्यांतही तसेच. १३८८ सालच्या ऑटरबर्नच्या लढाईत स्कॉटिश सरदार डग्लस पडला, पण इंग्रजांचा पर्सी कैद झाला. दोन्ही बाजूंनी त्यावर गाणी रचली आणि प्रत्येक बाजूने शौर्याचे माप आपल्या पदरात थोडे जास्त घातले. १५३० साली पाचव्या जेम्स राजाने जॉनी आर्मस्ट्राँगला त्याच्या माणसांसह फासावर चढवले. राजाच्या दृष्टीने तो बंदोबस्त होता. गाण्यात मात्र राजाने भेटीला बोलावून दगा दिला असे येते, आणि लोकांच्या ध्यानात गाणेच राहिले.

सगळ्यात गाजलेली हकीकत किनमाँट विलीची. १५९६च्या मार्च महिन्यात, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी भेटीसाठी ठरवलेल्या तहाच्या दिवशी, इंग्रजांनी त्याला पकडून कार्लाइलच्या किल्ल्यात डांबले. बक्लूच्या वॉल्टर स्कॉटने आधी रीतसर मागणी केली. ती फेटाळल्यावर एप्रिलच्या एका पावसाळी रात्री थोडी माणसे घेऊन त्याने किल्ल्यात शिरून विलीला सोडवून आणले. एलिझाबेथ राणी संतापली, दोन्ही दरबारांत मोठे प्रकरण झाले. इतके सगळे कागदोपत्री आहे. त्यावरचे बॅलड आपल्या वॉल्टर स्कॉटने छापले, आणि त्यातला बराच भाग त्याने स्वतःच रचला असावा असा अभ्यासकांचा संशय आहे. त्याकडे पुढे येतोच.

१७९२ साली स्कॉट वकील झाला आणि त्याच वर्षापासून रॉबर्ट शॉर्टरीड या मित्राबरोबर लिड्सडेल खोऱ्यात जाऊ लागला. अशा फेऱ्या त्याने ओळीने सात वर्षे केल्या. तिकडे खाणावळ नाही, धड रस्ता नाही. मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम, त्यांच्याबरोबर खाणेपिणे, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून गाणी उतरवून घेणे. अधू पायाचा हा माणूस दिवसभर चालत किंवा घोड्यावर असे. १७९९ साली सेल्कर्कशायरचा शेरीफ म्हणून नेमणूक झाल्यावर तर कामानिमित्तही त्या भागात जाणे होऊ लागले.

या कामात त्याला भेटलेली माणसेही पाहण्यासारखी. जॉन लेडन हा मेंढपाळाचा मुलगा, भाषांचा वेडा. एका बॅलडचा उरलेला भाग कुणा म्हाताऱ्याला येतो असे कळल्यावर तो चाळीसएक मैल पायी जाऊन ते घेऊन आला. पुढे १८०३ साली लेडन कंपनीचा डॉक्टर म्हणून मद्रासला आला, म्हैसूरच्या पाहणीत होता, आणि १८११ साली जावा बेटावर अवघ्या ३५व्या वर्षी वारला. बाबराच्या आत्मचरित्राचे अपुरे राहिलेले त्याचे भाषांतर मुंबईत नोकरीस असलेल्या विल्यम अर्स्किनने पुरे केले.

दुसरा जेम्स हॉग, एट्रिक खोऱ्यातला मेंढपाळ, पुढे स्वतः मोठा लेखक झाला. त्याची आई मार्गारेट लेडलॉ हिच्याकडे जुन्या गाण्यांचा साठा होता. १८०२ साली स्कॉट तिच्या घरी गेला, तिने त्याला म्हणूनही दाखवले. पण छापलेली गाणी पाहून ती खूश झाली नाही. ही गाणी म्हणण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे; छापून तुम्ही त्यांची वाट लावलीत, आता ती कुणी म्हणणार नाही, आणि शिवाय छापलीही बरोबर नाहीत, असे तिने तोंडावर सुनावले. हॉगने नंतर लिहून ठेवले आहे की आई म्हणाली तसेच झाले.

‘मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’ या संग्रहाचे दोन भाग १८०२ साली केल्सोच्या जेम्स बॅलंटाइनने छापले, तिसरा १८०३ साली आला. प्रत्येक गाण्यामागे इतिहासाची टिपणे होती. आता दोषाचे. स्कॉट एकाच गाण्याच्या चार जणांकडून मिळालेल्या ओळी एकत्र जुळवी, लंगडी वाटलेली ओळ सुधारी, गाळलेली जागा आपल्या पदरची भरी आणि ते प्रत्येक वेळी सांगत नसे. हिशेबाच्या वहीत असे कुणी केले तर आम्ही त्याला घरी पाठवू. पुढे हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डने ३०५ बॅलड्सचा शास्त्रशुद्ध संग्रह केला (१८८२–९८), तेव्हा स्कॉटचे हे जोडकाम उघड झाले. तेही स्कॉटने मूळ कागद जपून ठेवले होते म्हणून! माझे मत विचाराल तर हातचलाखी चुकीचीच, पण तो गेला नसता तर त्यातली कित्येक गाणी त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेली असती. आपल्याकडे ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला तो १८९१ साली, म्हणजे स्कॉटनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. त्याआधी किती शाहिरांबरोबर किती पोवाडे गेले, कोण सांगणार?

या गाण्यांनीच स्कॉटला कवी केले. १८०५ पासूनची त्याची दीर्घकाव्ये अफाट खपली. १८१४ साली ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी नाव न घालता आली, मग एकामागून एक कादंबऱ्या. ट्वीड नदीकाठी जमीन घेऊन त्याने ॲबट्सफर्ड हा वाडा बांधला. १८२० साली सर ही पदवी मिळाली. या काळाबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेले आहे, म्हणून मी पुढे जातो.

आता माझ्या धंद्याचा भाग. स्कॉट हा बॅलंटाइनच्या छापखान्यात गुप्त भागीदार होता. छापखाना आणि प्रकाशक कॉन्स्टेबल एकमेकांच्या नावे हुंड्या काढून बँकांतून वटवून घेत. मागे माल नाही, फक्त सह्या. आम्ही याला ॲकोमोडेशन बिल म्हणतो, आणि बिलांच्या टेबलावर बसलेला कोणताही कारकून अशी जोडी दिसली की कान टवकारतो. तारण म्हणून दिलेल्या उलट हुंड्याही कॉन्स्टेबलने वटवल्या, त्यामुळे एकाच कर्जाचा बोजा दोनदा बसला. शिवाय न लिहिलेल्या कादंबऱ्यांवर पैसे उचलून स्कॉट जमिनी घेत होता. लंडनची एक पेढी बुडाली, तिच्यामागे कॉन्स्टेबल, आणि जानेवारी १८२६ मध्ये बॅलंटाइन. स्कॉटच्या डोक्यावर सुमारे १,२०,००० पौंड आले. वय ५४.

दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग होता. मित्र मदत द्यायला तयार होते. त्याने दोन्ही नाकारले, मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली केली आणि लिहून सगळे फेडतो असे घेणेकऱ्यांना कळवले. त्याच वर्षी मे महिन्यात बायको शार्लट गेली. तरी रोजचे लिहिणे थांबले नाही. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र १८२७ साली बाहेर पडले. एवढ्या ओढगस्तीत, त्याच १८२६ साली, स्कॉटिश बँकांच्या एक पौंडाच्या नोटा बंद करण्याचा सरकारचा बेत त्याने टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून हाणून पाडला. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवर त्याचे चित्र असते ते उगीच नाही.

१८३० पासून पक्षाघाताचे झटके येऊ लागले. त्या वर्षअखेर घेणेकऱ्यांनी त्याची पुस्तके आणि घरातले सामान त्याला सन्मानाने परत दिले. १८३१ साली सरकारने आरमाराच्या जहाजातून त्याला हवापालटासाठी माल्टा आणि नेपल्सला पाठवले, पण गुण आला नाही. घरी परत आणल्यावर २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्डमध्ये, ट्वीड नदीचा आवाज ऐकू येईल अशा खोलीत त्याने प्राण सोडला. ड्रायबर्गच्या पडक्या मठात त्याची समाधी आहे. अर्ध्याहून अधिक कर्ज त्याने हयातीत फेडले होते. उरलेले त्याच्या आयुर्विम्याच्या २२,००० पौंडांतून आणि पुस्तकांच्या हक्कांवर प्रकाशक कॅडेलने दिलेल्या रकमेतून १८३३ साली घेणेकऱ्यांना मिळाले. कॅडेलचा हिशेब मिटायला १८४७ उजाडले. त्याच साली स्कॉटचा थोरला मुलगा, लष्करातला अधिकारी, मद्रासहून मायदेशी परतताना केप ऑफ गुड होपजवळ जहाजावरच वारला.