आचार्य धर्मानंद कोसंबी : एका ग्रंथाची चाळीस वर्षे

वंदनेत पंचशील रोज नव्याने का ग्रहण करावयाचे, एकदा घेतलेले पुरे का होत नाही, असा प्रश्न वसतिगृहात नव्याने आलेली मुले हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला तर्काने उत्तर देण्यापेक्षा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र मुलांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. मराठी शिक्षणाची सोय बेताची, प्रकृती नाजूक आणि घरच्या नारळीच्या बागेचे काम अंगावर, त्यामुळे शाळा लवकरच सुटली. विवाहही लहान वयात झाला. वाचनाची ओढ मात्र सुटली नाही. ‘बालबोध’ मासिकात आलेले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, हा ध्यास त्यांना लागला. तरीही निश्चय एका दिवसात पक्का झाला असे नव्हे. शिकण्यासाठी घराबाहेर पडण्याचे त्यांचे आधीचे बेत टिकले नव्हते. १८९९ च्या अखेरीस ते निघाले आणि त्या वेळी मात्र मागे फिरले नाहीत.

त्यांची थोरली कन्या तेव्हा तान्ही होती. चरित्रलेखक या गोष्टीवरून घाईने पुढे जातात. आम्हांस तसे करवत नाही. एकाच्या चिकाटीचा भार पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. येथे तो बाळाबाईंच्या खांद्यावर पडला आणि पुढे कित्येक वर्षे पडलेलाच राहिला. धर्मानंदांच्या विद्येचा गौरव करताना या माउलीचे नाव गाळणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेऊन त्यांनी संस्कृतचा अभ्यास आरंभिला. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांपाशी व्याकरणाचा पाठ घ्यावा, असा तेथला क्रम होता. बौद्धधर्म जिवंत पाहावा म्हणून पुढे नेपाळ गाठले, तर तेथे निराशा पदरी पडली. तेव्हा बोधगया आणि कलकत्ता करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पालि शिकू लागले. तिकडचा आहार व हवा मानवेना, म्हणून परतावे लागले. पण पालि सुटली नाही. ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी अभ्यास पुढे चालविला व त्याला ध्यानाची जोड दिली. ज्या ठिकाणी काम थांबले तेथून ते दुसरीकडे उचलावयाचे, ही त्यांची रीत पुढे आयुष्यभर दिसते.

वसतिगृहातील मुलांना उठविण्यास घंटा असते. धर्मानंदांना तशी घंटा कोणी वाजवून दिली नाही. अपवाद म्हणावयाचा तर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे, या अटीवर महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्ता विद्यापीठातील पालि शिकविण्याची अधिक मिळकतीची नोकरी सोडून त्यांनी ही अट स्वीकारली. आपल्या भाषेतील लोकांपर्यंत बुद्ध पोहोचवावयाचा होता, म्हणून हा तोट्याचा व्यवहार त्यांना फायद्याचा वाटला. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’ आणि पुढे ‘भगवान बुद्ध’ अशी पुस्तके त्यांच्या हातून झाली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनी पालि शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्या वर्गातून घडले.

परंतु त्यांच्या सातत्याची खरी कसोटी लागली ती ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या कामी. आचार्य बुद्धघोषांच्या या ग्रंथाचे २३ परिच्छेद आहेत आणि त्यांतील पहिला शीलावर आहे. समाधी व प्रज्ञा त्यामागून येतात. शील या शब्दाला पालीत सवय, स्वभाव असाही अर्थ आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताने ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. पण तो १८९९ साली निवर्तला. धर्मानंदांनी घर सोडले तेही हेच वर्ष! ते अपुरे काम पुढे नेण्यासाठी १९१० मध्ये धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे पटले नाही आणि १९१२ साली ते परत आले.

दुसरा एखादा असता तर त्याने त्या ग्रंथाचे नाव पुन्हा काढले नसते. धर्मानंद १९१८ मध्ये पुन्हा गेले व चार वर्षे राहिले. तिसरी खेप १९२६ साली झाली. मध्यंतरी गुजरात विद्यापीठात अध्यापन झाले, लेनिनग्राडची वारी झाली, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. तुरुंगातून सुटल्यावर १९३१ साली हा पंचावन्न वर्षांचा माणूस चौथ्यांदा हार्वर्डला गेला आणि संपादन पुरे करूनच परतला. आमच्या मते विद्वत्तेहून ही चौथी खेप मोठी आहे.

परतल्यावर परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. शरीर थकले, आपल्या हातून आता काही कार्य होणार नाही असे वाटू लागले, तेव्हा त्यांनी आहार कमी करीत नेला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

वॉरन व कोसंबी या दोघांची नावे असलेली हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती १९५० साली प्रसिद्ध झाली. ती पाहण्यास दोघांपैकी कोणीही उरले नव्हते.