सॅम्युएल कोल्ट : अस्सल कोणते, नक्कल कोणती?

१८४४च्या उत्तरार्धात सावंतवाडी संस्थानात गडकऱ्यांचे बंड पेटले. कोल्हापूरकडील सामानगडावर पडलेली ठिणगी सह्याद्री उतरून मनोहर आणि मनसंतोष या गडांपर्यंत पोहोचली. फोंड सावंतांसारखे मातब्बर सरदार बंडात उतरले आणि ते मोडून काढण्यासाठी कंपनी सरकारला जेम्स आउट्रमसारखा नावाजलेला अधिकारी धाडावा लागला. त्या डोंगरझाडीत दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या हाती मुख्यतः ठासणीच्या बंदुका होत्या. एक बार काढला की पुन्हा दारू भरायची, गोळी ठासायची आणि तोवर शत्रू अंगावर येणार नाही अशी आशा करायची.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये पंधरा-सोळा घोडेस्वारांनी आपल्याहून कितीतरी अधिक संख्येने आलेल्या कोमान्ची योद्ध्यांना पिटाळून लावले. या स्वारांकडे न थांबता पाच बार काढणारी पिस्तुले होती. आपली भूमी राखणाऱ्या कोमान्चींचा धनुष्यबाणाचा वेग त्या दिवशी प्रथमच अपुरा पडला. गंमत अशी, की ही पिस्तुले घडवणारा कारखाना दोन वर्षांपूर्वीच बुडाला होता. त्याचा तिशीतला संस्थापक होता सॅम्युएल कोल्ट.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी कनेटिकट राज्यातील हार्टफोर्ड येथे झाला. आई लहानपणीच गेली, वडिलांचा व्यापार कोसळला. स्फोटक दारूचे प्रयोग करण्याची खोड या मुलाला होती. अखेर १८३०मध्ये त्याची रवानगी ‘कॉर्व्हो’ या जहाजावर झाली. जहाज कलकत्त्याला निघाले होते. या सफरीत सोळा वर्षांच्या कोल्टने फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाच्या सुकाणूचे चाक पाहून ही कल्पना सुचल्याची कथा प्रसिद्ध आहे. मात्र फिरत्या कोठ्यांची कल्पना तेव्हाही नवी नव्हती. एलिशा कोलियर याने १८१८मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेल्या चकमकीच्या रिव्हॉल्व्हरांपैकी काही हिंदुस्थानात आली होती. कोल्टच्या डोक्यात कल्पनेचे बीज नेमके कोठे पडले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

कोल्टचे श्रेय वेगळे आहे. कोलियरच्या पिस्तुलात प्रत्येक बारानंतर कोठ्यांचे चक्र हाताने फिरवावे लागे. कोल्टच्या रचनेत अंगठ्याने घोडा मागे ओढताच चक्र आपोआप एक घर पुढे सरके आणि पुढची कोठी नळीसमोर घट्ट अडके. पैसे उभे करण्यासाठी त्याने स्वतःला डॉक्टर म्हणवत गावोगाव हास्यवायूचे जाहीर खेळ केले. १८३५मध्ये ब्रिटिश आणि १८३६मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. पॅटरसन येथील कारखाना मात्र १८४२मध्ये बंद पडला. लष्कराला हे नाजूक यंत्र भरवशाचे वाटत नव्हते.

मेक्सिकोविरुद्धच्या युद्धाने चित्र पालटले. कॅप्टन सॅम्युएल वॉकर याने स्वानुभवावरून सुधारणा सुचवल्या आणि १८४७मध्ये सरकारने एक हजार नगांची मागणी नोंदवली. कोल्टकडे कारखाना नव्हता. एली व्हिटनी धाकटे यांच्या कारखान्यात हे काम पार पडले. ‘वॉकर’ हे रिव्हॉल्व्हर सहा बारांचे आणि दोन किलोहून अधिक वजनाचे होते. त्या काळच्या लोखंडाला एवढी दारू पेलवत नसे आणि काहींची चक्रे फुटत. ज्याच्या नावाने ते ओळखले गेले, तो वॉकर त्याच वर्षी युद्धात मारला गेला. कोल्टचे नशीब मात्र उघडले.

पुढे हार्टफोर्डमध्ये कोल्टने उभारलेला कारखाना हीच त्याची खरी निर्मिती होती. एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाच्या हाताखाली शेकडो यंत्रे एकसारखे सुटे भाग कापू लागली. १८५१च्या लंडन प्रदर्शनात त्याची रिव्हॉल्व्हरे गाजली. त्याच वर्षी लंडनच्या अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचताना त्याने फिरत्या कोठ्यांच्या जुन्या हत्यारांचा इतिहास मांडला. त्यात हिंदुस्थानी घडणीची तोड्याची बंदूकही होती. आपल्या आधी इतरांनी वाट चोखाळली होती, हे त्याला ठाऊक होते. तरीही आपल्या पेटंटावर कोणी हात टाकला, की तो थेट कोर्टात जाई. १८५१मध्ये मॅसॅच्युसेट्स आर्म्स या कंपनीवर त्याने मिळवलेला विजय प्रतिस्पर्ध्यांना जरब बसवणारा ठरला.

नफ्यापुढे कोल्टला पक्ष नव्हता. क्रिमियाच्या युद्धात त्याने परस्परांचे शत्रू असलेल्या राजवटींशी व्यवहार केले. अमेरिकी यादवीच्या तोंडावरही दक्षिणेकडील राज्यांना त्याचा माल जात होता. १० जानेवारी १८६२ रोजी, अवघ्या ४७व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा तो देशातील अतिश्रीमंतांपैकी एक होता. दोन वर्षांनी कारखान्याचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. तो पुन्हा उभा केला त्याची पत्नी एलिझाबेथ हिने. चित्रपटांतील गुराख्यांच्या कमरेला दिसणारे १८७३चे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर त्यानंतरचे. जगाला सर्वाधिक ठाऊक असलेले ‘कोल्ट’ कोल्टने पाहिलेही नव्हते.

नक्कल करणाऱ्यांशी आयुष्यभर झगडलेल्या या माणसाच्या हत्यारांना नकलांनीच दुसरा जन्म दिला. अमेरिकी यादवीची शताब्दी जवळ आली, तसे जुन्या रिव्हॉल्व्हरांचे वेड वाढले. १९५०च्या दशकाअखेर इटलीतील ब्रेशिया परिसरातील कारागिरांनी ‘१८५१ नेव्ही’ या नमुन्याच्या प्रतिकृती बनवायला घेतल्या. १९५९मध्ये स्थापन झालेली उबेर्ती ही कंपनी त्यातूनच मोठी झाली. खुद्द कोल्ट कंपनीने १९७१पासून जुने नमुने पुन्हा बाजारात आणले, तेव्हा त्यांचे काही कच्चे भाग इटलीतून आलेले होते. अस्सल आणि नक्कल यांतली रेषा इतकी पुसट झाली.

दोन्ही नमुने शेजारी ठेवले, तर प्रथमदर्शनी फरक कळत नाही. तो धातूत आहे. जुन्या हत्याराचे लोखंड आणि पोलाद काळ्या दारूच्या दाबासाठी होते. आजच्या धूररहित दारूचा दाब त्याला झेपेलच असे नाही. नव्या प्रतिकृती आधुनिक पोलादाच्या असतात आणि इटलीत सरकारी चाचणीगृहातून दाबाची परीक्षा उतरल्यावरच विक्रीस येतात. फुटण्याबद्दल बदनाम झालेले वॉकर आज प्रतिकृतीच्या रूपात अधिक निर्धोक आहे. दुसरा फरक सुरक्षिततेचा. १८७३च्या मूळ रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरे असली, तरी जाणते लोक पाचच भरत. घोड्याखालचे घर रिकामे नसेल, तर हत्यार हातून पडताच बार उडण्याची भीती असे. रूगर या अमेरिकी कंपनीने १९७३मध्ये आपल्या जुन्या घाटाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी पट्टी बसवली आणि हा दोष दूर केला.

म्हणजे वापराच्या कसोटीवर नक्कल सरस ठरते. तरीही २०१८मध्ये एका अस्सल वॉकर रिव्हॉल्व्हरला अमेरिकेतील लिलावात १८ लाख डॉलरहून अधिक किंमत आली, तर प्रतिकृती काहीशे डॉलरला मिळते. हा फरक पोलादाचा नाही. जुन्या नगावरील अनुक्रमांक, झिजलेली मूठ, दुरुस्तीच्या खुणा यांतून त्याचा प्रवास वाचता येतो. त्यामुळेच नव्या प्रतिकृतीला कृत्रिम गंज चढवून ती जुनी म्हणून विकण्याचे प्रकार घडतात आणि हौशी संग्राहक फसतात. याउलट अस्सल नग हौसेने घासून चकाकवला, तर त्याचे मोल मालकाच्याच हातून नाहीसे होते.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ नुसार, दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन हत्याराला सवलत आहे. बार काढू शकणारे रिव्हॉल्व्हर दिसायला कितीही जुने असले, तरी परवाना लागतोच. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हरही वेब्ली या जुन्या ब्रिटिश घाटावर बेतलेले आहे, पण म्हणून ते शोभेची वस्तू ठरत नाही. घरातील माळ्यावर पणजोबांचे एखादे हत्यार सापडले, तर ते स्वतः उघडून पाहण्यापेक्षा किंवा घासण्यापेक्षा पोलिसांना आणि जाणकारांना दाखवणे शहाणपणाचे.

कोल्टचा आग्रह होता, की त्याच्या कारखान्यातील प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच असावा. आज संग्राहक त्याच नगांमध्ये वेगळेपण शोधतात. ते वेगळेपण यंत्राने घातलेले नाही. ज्यांनी ती हत्यारे चालवली आणि ज्यांच्यावर ती चालली, त्या माणसांच्या आयुष्यातून ते आले आहे. प्रतिकृतीत एवढी एकच गोष्ट उतरवता येत नाही आणि कोमान्चींच्या वंशजांना कदाचित तिचीच आठवण अधिक टोचत असेल.