एका रकान्यात एकच माहिती: हा हट्ट धरणारे एडगर कॉड कोण होते?

समजा, एका ॲपच्या डेटाबेसमध्ये तुमच्या सेटिंग्ज अशा साठवल्यात:

भाषा=मराठी
स्टेशन=नावडे रोड
नोटिफिकेशन=बंद

आपल्याला दिसतात तीन ओळी. डेटाबेसच्या लेखी मात्र हा एकाच रकान्यात कोंबलेला मजकूर. त्यातलं फक्त स्टेशन हवं असलं तरी प्रोग्रामला सगळा मजकूर उचलून ओळी सुट्या कराव्या लागतात. मग प्रत्येक ओळ बरोबरच्या पहिल्या चिन्हावर कापायची. डावीकडे सेटिंगचं नाव, उजवीकडे तिची किंमत. याला पार्सिंग म्हणतात.

पहिल्याच चिन्हावर का? कारण उजवीकडे एखादी लिंक असेल तर तिच्यातही तेच चिन्ह असू शकतं. त्यात विंडोजवरून आलेल्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर असतं. ते पुसायचं राहिलं की 'बंद' हा शब्द 'बंद'शी जुळत नाही आणि नोटिफिकेशन वाजतच राहतं. आणि नावडे रोडवरून प्रवास करणारे सगळे युजर शोधायचे असतील, तर प्रत्येकाचा मजकूर असाच उसवत बसा!

एडगर कॉड यांना हा गुंता नको होता.

जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्धानंतर अमेरिकेत आयबीएममध्ये लागले. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेला वैतागून त्यांनी थेट कॅनडा गाठलं. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली.

१९७० मध्ये त्यांचा तो गाजलेला शोधनिबंध आला. तोवर माहिती कुठल्या वाटेने शोधायची, हे प्रोग्रामरलाच सांगावं लागायचं. कॉड यांनी सुचवलं की सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि एका रकान्यात एकच किंमत लिहा. म्हणजे वरच्या तीन सेटिंग्जच्या तीन वेगळ्या नोंदी, प्रत्येकीत युजर, सेटिंगचं नाव आणि किंमत. मग नावडे रोडचे युजर एका प्रश्नात सापडतात. हाच नियम पुढे 'फर्स्ट नॉर्मल फॉर्म' म्हणून ओळखला गेला.

पण घरचीच कंपनी ढिम्म. आयबीएमचा जुना डेटाबेस, आयएमएस, चांगला खपत होता. स्वतःच्याच धंद्याला स्पर्धक कोण उभा करणार? शेवटी लॅरी एलिसन यांच्या कंपनीने याच कल्पनेवर १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. आयबीएमचं स्वतःचं प्रॉडक्ट यायला १९८१ उजाडलं. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

तरी त्यांचं समाधान नव्हतंच. एसक्यूएल ही भाषा आपल्या सिद्धांताला धरून नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे १२ नियम जाहीर केले. मोजणी शून्यापासून, त्यामुळे प्रत्यक्षात १३!

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी ते गेले. एका रकान्यात चार गोष्टी कोंबायची सवय मात्र अजून गेलेली नाही. आता तर जेसनसाठी वेगळा रकानाच मिळतो.